अर्ध्या मिलिमीटरचं भोक शोधून देणाऱ्या काकांना

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानायला लागले की तुम्ही लगेच चहाचा विषय काढता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. इथे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये जुन्या गाड्या वापरणाऱ्या आपल्या मंडळींनाही उपयोग होईल.

माझी २००८ सालची गाडी चालायला ठणठणीत. फक्त चेक इंजिनचा दिवा पेटलेला आणि स्मॉग चेक, म्हणजे गाडीच्या धुराची सरकारी तपासणी, जवळ आलेलं. कॅलिफोर्नियात हा दिवा चालू असला की गाडी नापास. गाडीच्या संगणकाने दिलेला बिघाडाचा कोड होता पी ०४५६, म्हणजे पेट्रोलच्या वाफेची अगदी बारीक गळती, ०.०२ इंच, अर्ध्या मिलिमीटरचं भोकसुद्धा त्याला पुरतं. गॅरेजवाल्याने आधी टाकीचं झाकण बदललं. दिवा परत लागला, तर म्हणाला कॅनिस्टर, म्हणजे वाफ धरणारा डबा, बदलू. त्याच्या खर्चाचा आकडा ऐकून मी तुमच्याकडे आले, आणि तुम्ही एवढंच विचारलंत, "गळती बघितली काय त्येनं? न्हाई? मग पार्ट कशापायी बदलतोय?"

तुमचं आयुष्य गेलं कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कार्ब्युरेटरच्या इंजिनांवर. वाफेची ही भानगड तुम्ही इथे मुलाकडे आल्यावर मॅन्युअल वाचून शिकलात, याचं मला जास्त कौतुक. टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये धरून ठेवायची आणि पर्ज व्हॉल्व्ह उघडला की इंजिनाने ती ओढून जाळायची, हे तुम्ही पाच मिनिटांत समजावलंत. लॉस एंजेलिसच्या धुरक्यात या वाफांचाही वाटा होता, म्हणून कॅलिफोर्नियाने १९७० च्या मॉडेलपासून ही व्यवस्था सक्तीची केली, तेही तुमच्याचकडून कळलं.

पहिली परीक्षा फुकटातली. इंजिन चालू, पर्ज व्हॉल्व्हची वायर काढलेली, डब्याकडची नळी सोडवलेली आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर माझं बोट. ओढ लागली नाही, म्हणजे तो नीट बंद होत होता.

मग तुम्ही ओळखीतून आणलेलं स्मोक मशीन, म्हणजे गळती दिसावी म्हणून नळ्यांत धूर सोडणारं यंत्र. कंप्रेसरची हवा सोडू दिली नाहीत: पेट्रोलच्या वाफेत हवा मिसळली की ठिणगीची भीती, शिवाय जास्त दाबाने टाकी आणि सेन्सर खराब व्हायचे. नायट्रोजनचा सिलिंडर, आणि दाब अर्धा पीएसआय, त्याच्या वर नाही. डब्यात बाहेरची हवा येऊ देणारा वेंट व्हॉल्व्ह एरवी उघडाच असतो, तिथून धूर आला की लोक त्यालाच गळती समजतात. तुम्ही तो आधी गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवरून बंद केलात. टाकीचं झाकण थोडा वेळ उघडं ठेवून तिथून धूर यायला लागल्यावरच घट्ट लावायला सांगितलंत, म्हणजे आतली हवा निघून धूर सगळीकडे पोचतो. मग टॉर्च तिरका धरून गाडीखाली बघत बसलो. बराच वेळ काहीच नाही. माझा धीर सुटत आला होता, तुमचा नाही. शेवटी मागच्या चाकाच्या आत, पेट्रोल भरायच्या पाइपाला जोडलेल्या बारीक नळीच्या क्लॅम्पखालून अगरबत्तीसारखी एक रेघ वर आली. क्लॅम्प काढल्याशिवाय ती चीर दिसलीच नसती, आणि कॅनिस्टर बदलूनही दिवा लागतच राहिला असता.

नवी नळी पेट्रोलच्या वाफेला चालणारीच घ्यायला लावलीत, पाण्याची साधी नळी नाही. ती पेट्रोलने फुगते. खर्च कॅनिस्टरच्या पासंगालाही पुरला नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. २००० आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेकमध्ये वाफेची स्वयंतपासणी, म्हणजे गाडीचा संगणक स्वतःच करतो ती, अपुरी असली तरी चालतं. कोड पुसून, बाकीच्या तपासण्या पुऱ्या करून तशीच गाडी न्यावी, असं मला दोघातिघांनी सुचवलं होतं. तुम्ही ते उडवून लावलंत. अर्धी टाकी भरून गाडी रात्रभर उभी ठेवायला लावलीत, सकाळी थंड इंजिनाने चालवायला लावलीत, आणि गाडीनेच तपासणी पुरी करून गळती नसल्याचं दाखवेपर्यंत स्मॉग चेकला जाऊ दिलं नाहीत. अंदाजपंचे कारभाराची तुम्हाला एवढी चीड का, ते तेव्हा समजलं.

गाडी पास झाली. तुमचा स्कॅनर रविवारी आणून देते. पंपावर एकदा क्लिक झाल्यावर वरून आणखी पेट्रोल दाबून भरायचं नाही, ते कॅनिस्टरमध्ये जाऊन कोळसा खराब करतं, ही तुमची ताकीद घरात सगळ्यांना सांगितली आहे. नवऱ्याला अजून पटायचं आहे. रविवारी त्यालाही बरोबर आणते, तुम्हीच बघा.

काकूंना नमस्कार.

आपली,
पलीकडच्या गल्लीतली शेजारीण