स्टोनवेअरमधली ब्राउनी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

स्टोनवेअरच्या भांड्यात केलेली ब्राउनी फसल्याचं तुझं पत्र मिळालं. ‘कडा दाताला दाद देईनात आणि मधे नुसता चिखल’ हे वाचून आधी हसलो, पण तू ते भांडं कुणाला तरी देऊन टाकायचं म्हणतोयस हे पुढे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. देऊ नकोस. भांडं चांगलं आहे, पाककृतीही चांगली आहे. फक्त ती धातूच्या पातळ ट्रेसाठी लिहिलेली आहे आणि तू जशीच्या तशी जाड मातीच्या भांड्यात ओतलीस.

स्टोनवेअर म्हणजे १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत भाजून घट्ट केलेली माती. उष्णता पुढे सारण्यात अ‍ॅल्युमिनियम तिच्यापेक्षा शंभरएक पटींनी चपळ. धातूचा ट्रे ओव्हनमध्ये गेला की काही मिनिटांत तापतो. तुझं भांडं मात्र सुरुवातीचा बराच वेळ स्वतःच तापत बसतं आणि तोवर आतलं मिश्रण गारच. एकदा तापलं की मग ती उष्णता सोडत नाही. भांडं बाहेर काढून ठेवलं तरी ब्राउनी आतल्या आत भाजली जातच राहते. भरलेली मालगाडी बघ, वेग घ्यायलाही वेळ आणि ब्रेक लावल्यावर थांबायलाही वेळ. तुला जे काही बदलायचंय ते या दोन टोकांना.

तू काय केलंस, तर मधला भाग शिजेना म्हणून आच २०० अंशांवर नेलीस. तिथेच कडा गेल्या. भांड्याच्या बाजू जाड, त्या कडकडीत तापल्या, कडेचं मिश्रण त्यांना चिकटून बसलेलं, आणि मधल्या भागापर्यंत उष्णता पोचायला अजून अवकाश. आच वाढवली की हे अंतर वाढतं. उलट कर. पाककृतीत १७५ अंश लिहिलं असेल तर पहिल्यांदा १७५ च ठेव आणि वेळ वाढव. कडा तरीही कडक झाल्या तर पुढच्या खेपेला १६० ते १६५ वर ये आणि आणखी थोडा धीर धर. धातूच्या ट्रेला २५ ते ३० मिनिटं लागत असतील, तर या भांड्याला ५ ते १५ मिनिटं जास्त लागतील. नेमकी किती, ते भांड्याच्या जाडीवर आणि तुझ्या ओव्हनवर. ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नकोस हे तुला आधीही सांगितलंय. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घे. आकडा एक आणि आतली आच भलतीच, असे ओव्हन कितीतरी असतात.

ओव्हन नीट तापू दे. तापण्याचा दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली. भिंतींना अजून १०-१५ मिनिटं लागतात, आणि मातीच्या भांड्याला त्या भिंतींची आच हवी असते. भांडं मधल्या कप्प्याच्या एक खाली ठेव, म्हणजे तळाला लवकर ऊब लागेल. पण भांडं रिकामंच आत ठेवून तापवायच्या फंदात पडू नकोस. युक्ती सुचायला सोपी आहे, पण तापलेल्या मातीवर गार मिश्रण पडलं की भांड्याचा एक भाग आकसतो, दुसरा फुगलेला असतो, आणि तडा जातो. कधी तो तडा लगेच दिसत नाही, पुढे केव्हातरी भांडं हातात दोन तुकडे होऊन येतं. फ्रिजमधून काढलेलं भांडं थेट ओव्हनमध्ये, गरम भांडं ओल्या ओट्यावर किंवा नळाखाली, वरची जाळी लाल करणारा ग्रिल, हे सगळं त्याच कारणाने वर्ज्य. काढलंस की जाळीच्या स्टँडवर नाहीतर कोरड्या लाकडी पाटावर ठेव.

आता मापाचं बोलू, कारण तुझ्या पत्रात ‘मोठं गोल भांडं’ एवढंच लिहिलंयस. पाककृती ८ इंची चौकोनी ट्रेची असेल, तर त्याचं क्षेत्रफळ ६४ चौरस इंच. ९ इंच व्यासाचं गोल भांडंही जवळजवळ तेवढंच, त्यामुळे तिथे काही बदलायला नको. ९ इंची चौकोनी मात्र ८१, म्हणजे सव्वापटीहून थोडं जास्त. त्यात तेच मिश्रण घातलं की थर पातळ होतो आणि लवकर सुकतो. स्टोनवेअरच्या बाजू बऱ्याचदा तिरक्या असतात, म्हणून माप वरून न घेता तळाशी घे. थर इंचाहून जाड नको. या भांड्यात जाड थर म्हणजे मधे पुन्हा तुझा चिखल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कधी बाहेर काढायचं. मधोमध टूथपिक खुपसून ती स्वच्छ निघायची वाट बघत बसलास तर ब्राउनी गेली. टूथपिक कड आणि मध्य यांच्या अधेमधे खुपस. तिला ओला घोळ लागला तर थांब. ओलसर चुरा लागला की बस. (चॉकलेटचा तुकडा मधे आला तर ती फसवते, तेव्हा दुसऱ्या जागी बघ.) वरचा पापुद्रा तडकलेला आणि कडा बसलेल्या हव्यात. भांडं हलवलं तर मधला भाग किंचित थरथरलेला चालतो. धातूच्या ट्रेमधून तू जेव्हा काढली असतीस, त्याच्या थोडं आधीच्या अवस्थेत इथे काढायची. उरलेलं भांडं स्वतः करतं.

ते जास्तच करू लागलं तर? म्हणून तळाला बेकिंगचा कागद घालायचा, दोन बाजूंना पकडायला येईल एवढा लांब. बाहेर काढल्यावर १५-२० मिनिटांनी, ब्राउनी उचलण्याइतकी घट्ट झाली की कागदासकट उचलून जाळीवर ठेवायची. उष्णता भांड्यात राहते, ब्राउनी सुटते. पूर्ण गार झाल्यावरच काप. गरम असताना कच्ची वाटणारी ब्राउनी गार झाली की हवी तशी दाट होते, कारण त्यातलं लोणी आणि चॉकलेट घट्ट बसतं.

पाककृतीबद्दल माझं मत तुला पटेल की नाही कोण जाणे. चॉकलेट आणि लोणी भरपूर, मैदा कमी, अशी दाट ब्राउनी या भांड्याला शोभते. हळू भाजल्याने ती करपत नाही आणि तळ एकसारखा होतो. बेकिंग पावडर घालून केलेली केकसारखी हलकी ब्राउनी मात्र धातूतच कर. आणि तुझ्या घरात ज्यांना कोपऱ्याचे चिवट तुकडे लागतात, त्यांच्यासाठीही धातूच; स्टोनवेअरच्या गोलसर कोपऱ्यांना ते जमत नाही. वरचा चकचकीत पापुद्रा हवा असेल तर साखर अंड्यांबरोबर नीट फेट, ती विरघळली पाहिजे. त्यात भांड्याचा काही हात नाही.

धुण्याचं विचारलं होतंस. आतून चकाकी असलेलं भांडं साबणाने धू, काही होत नाही. आतून खरखरीत, विनाचकाकीचं असेल तर साबण मातीत मुरतो आणि पुढच्या खेपेला चवीला येतो. गरम पाणी आणि प्लॅस्टिकची खरवडणी पुरे. ते काळपट होत जाईल, होऊ दे. तेलकटपणा मुरला की उलट कमी चिकटतं. खालचा तळ बहुतेक भांड्यांत विनाचकाकीचाच असतो आणि पाणी ओढतो, म्हणून ओव्हनमध्ये जाण्याआधी तो पूर्ण कोरडा असू दे.

या रविवारी करून बघ आणि मधला तुकडा कसा निघाला ते कळव. अक्रोडांबद्दल तू जे लिहिलंयस ते मला अजिबात मान्य नाही, पण त्यावर भेटल्यावर भांडू.

तुझाच,
मित्र