पाडव्यानंतरची पहिली उपासना

बडोदा,
१७ नोव्हेंबर २०२०

चि. सुबोध यास,
प्रभू येशूच्या नावात सलाम व आशीर्वाद.

कोरोनामुळे बंद असलेली तुमच्या महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे काल दिवाळीच्या पाडव्यापासून उघडली. म्हणजे येत्या रविवारी, २२ तारखेला, तुझ्या गावची मंडळी आठ महिन्यांनी एकत्र बसणार. इकडे गुजरातेत जूनपासून परवानगी आहे, त्यामुळे घोटाळा कुठे होतो ते आम्हाला आधी कळले. दारात सॅनिटायझर ठेवला, माणसे सहा फुटांवर बसवली की पंचांना वाटते, झाले काम. खरी गडबड गाण्यात आणि प्रभुभोजनात, म्हणजे भाकर व द्राक्षरस वाटण्याच्या विधीत, होते.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट परगण्यात १० मार्चला एका गायकवृंदाचा अडीच तास सराव झाला. ६१ जण होते. २० संशयित धरून ५३ आजारी पडले, दोघे गेले. मोठ्याने गाताना तोंडातून बारीक तुषार उडतात आणि बंद जागेत तरंगत राहतात. खिडक्या लावून पंखा सोडला तर तो तीच हवा घुसळतो. म्हणून उपासना अंगणातच घे. टाळ-मृदंग वाजू दे, पण भजन एकानेच म्हणावे, तेही मास्क लावून. भजनी मंडळ रुसेल. रुसू दे.

चुन्याने चार-चार हातांवर फुल्या मार. एका घरची माणसे एका सतरंजीवर, आणि सतरंजी ज्याची त्याने आणायची. अवकाळी आलाच आणि आत बसावे लागले तर ३० बाय २० फुटांच्या चर्चमध्ये, पुढचे ६ फूट तुझ्यासाठी सोडून, चार रांगा, रांगेत चौघे. सोळाच! बाकीच्यांना दुसरी वेळ दे.

प्रभुभोजनाला एकच प्याला सगळ्यांच्या ओठी नको. छोटे प्याले घे, प्रत्येकी १० मिली. लिटरमागे शंभर धरू नकोस, नव्वद धर, ओतताना सांडतेच. मनुकांचा रस आदल्या दिवशी करून बाहेर ठेवलास तर आंबेल, पहाटेच कर. भाकरीचे तुकडे सुरीने आधीच कापून झाकून ठेव. मोडायची ती वेगळी घे आणि तूच खा. लोकांना वेदीशी बोलावू नकोस, तिथेच खेटाखेटी होते. तबक हातोहात फिरवायचे नाही. सतरंज्यांवर आधी मांडून ठेवशील तर मुंग्या लागतील. एकाने चिमट्याने तुकडा तळहातावर सोडावा, दुसऱ्याने प्याला बुडाशी धरून द्यावा. ‘घ्या, खा’ म्हटले की सगळे एकदम मास्क काढतात, तेव्हा एक रांग आटोपली की मगच पुढची. रिकामे प्याले साबणाच्या बादलीत, नंतर उकळत्या पाण्यात.

अर्पणाची थैली फिरवू नका, पेटी दाराशी ठेवा. कोणी अंडी, धान्य आणले तर लिलाव नको, घोळका त्याच्याभोवतीच जमतो. ६५ च्या पुढच्यांनी घरीच राहायचे आहे. चार-चार घरे साध्या फोनवर जोडून संध्याकाळी प्रार्थना घे. घरभेटीला गेलास तर ओसरीवरच बस, चहाचा आग्रह मोड.

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार २९ ला येतो; त्या दिवशी मेणबत्ती लावतात. सॅनिटायझर लावलेले ओले हात मेणबत्तीजवळ गेले तर भडका उडतो. त्या दिवशी दारात सॅनिटायझर नकोच. बादली, तांब्या आणि साबण ठेव.

तुझे,
बाबा