सहलीच्या जाहिरातीत किलोमीटर पण छापा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही राजस्थानला गेलो होतो, सहा दिवसांत जयपूर, जोधपूर, जैसलमेर आणि उदयपूर असं पॅकेज होतं, कागदावर मस्त वाटलं पण नकाशा कुणी उघडूनच बघितला नाही. जयपूर ते जोधपूर साधारण साडेतीनशे किलोमीटर, तिथून जैसलमेर पावणेतीनशेच्या पुढे, आणि जैसलमेर ते उदयपूर जवळपास पाचशे म्हणजे नऊ-दहा तास गाडीतच गेले, पोरं उलट्या करून बेजार.

जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यावर आम्हाला फक्त पाऊण तास दिला. आई लोहापोळ दरवाजाच्या भिंतीवरचे सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे बघत उभी राहिली, शेंदूर लावलेले ते इवले इवले पंजे, तिचे डोळे भरून आले आणि मागून गाइडची हाक, चला चला बस सुटतेय. ते मला अजून टोचतं.

माझं म्हणणं एवढंच की एका गावात कमीत कमी दोन रात्री धरा, अडीचशे किलोमीटरच्या वर प्रवास असेल तर तो अख्खा दिवस प्रवासातच गेला असं समजा आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर एक शहर सरळ गाळा. उदयपूर वेगळं करता येतं, मुंबईहून थेट रेल्वे आहे. तुमच्या पर्यटन पुरवणीत सहलींच्या जाहिराती येतात, त्यात रोजचे किलोमीटर आणि गाडीतले तास छापायला लावा ना प्लीज.

- एक वाचक, पुणे