‘आमच्या वेळची’ डब्ल्यूडब्ल्यूएफ

महोदय,

डिसेंबर २०२५मध्ये कुस्तीगीर जॉन सीना निवृत्त झाल्यापासून ‘आमच्या वेळची डब्ल्यूडब्ल्यूएफ (टीव्हीवरची अमेरिकी कुस्ती, आताची डब्ल्यूडब्ल्यूई) ती खरी’ हा सूर पुन्हा लागला आहे. तो माझाही आहे. कुस्तीगिरांची मापं छापलेल्या ट्रम्प कार्डांच्या खेळात अंडरटेकर हाती आला की उंची सांगायची की बायसेप्स, यावरून मधल्या सुट्टीत खऱ्याच कुस्त्या व्हायच्या. काच फुटल्याचा आवाज आला की स्टोन कोल्ड हा कुस्तीगीर येणार, हे आमच्या आजीलाही पाठ होतं.

पण जून १९९८मध्ये अंडरटेकरने मॅनकाइंडला १६ फुटी पिंजऱ्यावरून खालच्या टेबलावर फेकलं, ते ‘सगळं खोटं असतं’ म्हणून सोडून देण्यासारखं नव्हतं. निकाल ठरलेला असतो, पडणं खरंच असतं. डोक्यात खुर्ची घालण्यावर ही कुस्ती भरवणाऱ्या कंपनीने २०१०मध्ये बंदी आणली, तर ‘मजा गेली’ म्हणून आजही गळे काढले जातात. बायकांच्या लढती तर तेव्हा अनेकदा एकमेकींचे कपडे ओढण्यापुरत्याच असत. २०१९च्या रेसलमेनियाची, म्हणजे कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक कार्यक्रमाची, मुख्य लढत तिघीजणींची होती. माइक हातात घेतल्यावर तेव्हाच्या द रॉक या कुस्तीगिरासारखं बोलणं मात्र आज कुणालाच जमत नाही, एवढं मान्य.

– एक वाचक, सातारा