‘खालून मोजू नये’ : एमआरआय करणाऱ्या ताईंना पत्र

ताई, स. न.

फिल्मच्या पाकिटावर तुम्ही निळ्या पेनाने दोन ओळी लिहिल्या होत्या : ‘वरून, सी-2 पासून मोजले आहे. कमरेला सहा मणके आहेत, खालून मोजू नये.’ सी-2 म्हणजे मानेचा दुसरा मणका. तासगावच्या काकांच्या छातीमागच्या मज्जारज्जूतली गाठ काढताना त्या ओळींनी जागा चुकू दिली नाही. हे पत्र त्या दोन ओळींसाठी आहे.

छातीमागचे मणके एकमेकांसारखे दिसतात. ऑपरेशन टेबलावर पेशंट पालथा असतो आणि सी-आर्मच्या (टेबलाजवळच्या एक्स-रे यंत्राच्या) पडद्यावर मानेपासून सेक्रमपर्यंत (कण्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडापर्यंत) सगळा कणा एकदम कधीच दिसत नाही. मग सेक्रमपासून वर मोजत जायचं, कमरेचे पाच मणके धरून. तासगावच्या काकांना सहा निघाले. पाच धरले असते तर डी-7 (छातीमागचा सातवा मणका) समजून डी-8 उघडला गेला असता. धडधाकट मणक्याचं हाड गेलं असतं आणि गाठ वर तशीच राहिली असती. चुकीच्या मणक्यावर ऑपरेशन होतं ते बहुतेक असंच, मोजणीत.

त्यात तुम्ही ई-जीवनसत्त्वाची कॅप्सूल पाठीवर चिकटपट्टीने लावलीत आणि काढल्यावर तिथे मार्करने गोल केलात. कॅप्सूलमधलं तेल एमआरआयमध्ये पांढरं शुभ्र उठतं. उताणं स्कॅन करून पालथं झोपवलं की कातडी सरकते, म्हणून त्या एकट्या खुणेवर विसंबून चालत नाही. पण मोजणी आणि खूण एकाच मणक्यावर आल्या की चीर देताना हात कचरत नाही.

हे कोणी मागितलं नव्हतं. फॉर्मवर लिहिलेलं तेवढं करून दिलं असतंत तरी तुम्हाला कोणी बोल लावला नसता. पुढच्या माणसाचा हात कुठे चुकेल याचा विचार करून आपलं काम करणारी माणसं सांगली-मिरजेत आहेत, म्हणून इथे लांबलांबून पेशंट येतात. नुसत्या मशिनी तर आता सगळीकडे आहेत.

तुमच्याकडे येण्याआधी मात्र काकांचे चार महिने फुकट गेले. दोन्ही पाय ताठ, पायातली चप्पल निसटली तरी पत्ता नाही, आणि एमआरआय काढला तो फक्त कमरेचा. मज्जारज्जू एल-1, एल-2 च्या, म्हणजे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या, आसपास संपतो. त्याच्या खालच्या फिल्ममध्ये छातीतली गाठ दिसणार कशी? चौथ्या-पाचव्या मणक्यातली जरा पुढे आलेली चकती दिसली, तिच्यावर खापर फोडलं, वजनं लावली, पट्टा दिला. तशी चकती काहीही दुखत नसलेल्या माणसातही सापडते. गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय जोरात उडतो, म्हणजे दोष कमरेच्या वर आहे. ती हातोडी कोणी मारलीच नाही. पूर्ण कण्याचा एक उभा टी-2 (पाणी पांढरं दाखवणारा एमआरआयचा प्रकार) काही मिनिटांत होतो, तोही कोणाला सुचला नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

तुमच्या स्कॅनमध्ये गाठ रज्जूच्या बरोबर मध्यात, कडा स्वच्छ, दोन्ही टोकांना जुन्या रक्तस्रावाची काळी टोपी. एपेंडायमोमाचं, म्हणजे रज्जूच्या मधल्या पोकळीच्या अस्तरातून वाढणाऱ्या गाठीचं, हे चित्र. कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) 60 किलोला 12 मिली, म्हणजे नेहमीचाच, पण त्यामुळे गाठ कुठे संपते आणि नुसतं पाणी व सूज कुठून सुरू होते ते वेगळं दिसलं. किती मणके उघडायचे ते त्यावर ठरतं. टोकांची पाण्याची पोकळी उघडावी लागत नाही, गाठ निघाली की ती आपोआप ओसरते.

खरी परीक्षा डीटीआयची, म्हणजे रज्जूतले तंतू कुठून कसे जातात ते दाखवणाऱ्या एमआरआयची. छातीत रज्जू बारीक, शेजारी फुप्फुसातली हवा, हृदयाचे ठोके, आणि काकांच्या पायांना मधूनच येणारे झटके. एक झटका आला तरी त्या वेळचे कट (चित्राचे काप) बिघडतात. तुम्ही गुडघ्यांखाली उशी दिलीत, पाय सैल पडेपर्यंत थांबलात, बिघडलेला भाग पुन्हा घेतलात. त्या चित्रात तंतू गाठीच्या दोन्ही बाजूंना ढकललेले दिसले, गाठीतून आरपार गेलेले नाहीत. म्हणजे सोडवून काढण्यासारखी गाठ. रज्जू डावीकडे किंचित फिरला आहे हेही आडव्या कटांत कळलं होतं, म्हणून मधली रेघ नेमकी धरता आली. ती चुकली तर रज्जूचे मागचे खांब, म्हणजे पाऊल कुठे आहे याची जाणीव वर नेणारे तंतू, कापले जातात. डीटीआयवर डोळे झाकून जायचं नसतं. सुजेत धड तंतूही तुटल्यासारखे दिसतात, म्हणून टेबलावर डी-वेव्हवर (मेंदूकडून रज्जूतून खाली येणाऱ्या विजेच्या लहरीवर) नजर ठेवावीच लागते. ती निम्म्याच्या खाली गेली की थांबायचं. काकांची शेवटपर्यंत टिकली.

गाठ पूर्ण निघाली. रज्जू मागून उघडल्यामुळे पाऊल कुठे पडतंय ते त्यांना अजून नीट कळत नाही, वॉकर धरून खाली बघत चालतात. याची कल्पना आधीच दिली होती.

पाकीट केसपेपरला टाचून ठेवलं आहे. पुढचा एमआरआय तीन महिन्यांनी आहे. तेच कट, तीच जाडी आणि मोजणी पुन्हा वरूनच, म्हणजे जुन्या फिल्मशी ताडून बघता येईल. काकांनी आत्ताच बजावलंय, ‘उशी देणाऱ्या ताईंकडेच न्या.’