सूचना : उरलेलं अन्न आणि पोटाची काळजी

सर्व सभासदांना कळकळीची विनंती, शिजवलेलं अन्न २ तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. ‘परत उकळलं की झालं’ हा समज सोडा. स्टॅफिलोकोकस जिवाणूंनी अन्नात सोडलेलं विष उकळूनही जात नाही. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांतून जंतू ओटाभर पसरतात.

जुलाब-उलट्या झाल्याच तर ओआरएस घोट-घोट पाजत राहा. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (मीठ मोजूनच!). घरात पडलेली अँटिबायोटिक्स स्वतःहून घेऊ नका. शौचातून रक्त, जास्त ताप, लघवी कमी होणं यांपैकी काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे जा. तान्ही बाळं, गरोदर स्त्रिया आणि वृद्धांना त्रास सुरू होताच दाखवा.