अटकेआधीचे तास कोणाच्या हिशेबात?

संपादक महोदय,

घरफोडी झाली की डीबी (गुन्हे शोध) पथकाची गाडी आधी पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, का वळते, याचे उत्तर जुन्या रजिस्टरात आहे. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा 1871 पासूनचा गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला, पण 1959 मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. विदर्भ तेव्हा त्याच राज्यात होता. कागदावर आता जमात नाही, व्यक्ती आहे. प्रत्यक्षात बापाची हिस्ट्रीशीट (पोलिसांनी ठेवलेली संशयिताची नोंद) पोराला चिकटते. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने 2007 मध्येच भारताला हे कायदे रद्द करायला सांगितले होते. पोलिसांतला वंशभेद म्हटले की आपल्याला फक्त अमेरिका आठवते.

खरी मेख अटकेआधीच्या तासांत आहे. माणूस रात्री दोनला उचलायचा, ठाणे दैनंदिनीत अटक दुसऱ्या दिवशी सायंकाळी दाखवायची आणि 24 तास तिथून मोजायचे. मधल्या वेळेचे नाव ‘चौकशीकामी आणले’. मारहाण होते ती याच वेळेत. मोकळीक हिरावली त्या क्षणापासून अटक धरायची, हे मुंबई उच्च न्यायालयाने 1990 मध्येच सांगितले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 58 चे, न्यायाधीशासमोर हजर करण्याचे 24 तासही तिथूनच मोजायला हवेत. त्यातून फक्त प्रवासाचा वेळ वजा होतो. कलम 36 प्रमाणे अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठिताची सही लागते. बेड्यावर प्रतिष्ठित कोण असणार, असे ठरवून ठाण्यासमोरचा नेहमीचा पंच उभा केला जातो. घरच्यांना कळतच नाही, मग वकील कुठून येणार?

म्हणून वस्तीत कोणाला नेले, तर घरच्यांनी लगेच 112 वर कळवावे. नेल्याची वेळ, गाडीचा नंबर आणि गणवेशावरील नावे लिहून तोच मजकूर पोलिस आयुक्तालयाला व्हॉट्सअॅप किंवा ई-मेलने पाठवावा. पुढे वेळेचा वाद झाला की हाच पुरावा उरतो. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक आहे.

पहिल्या रिमांडला, म्हणजे कोठडी मागण्यासाठी कोर्टात हजर केल्यावर, न्यायाधीश विचारतात, ‘काही तक्रार?’ आरोपीचा दंड धरून शिपाई शेजारीच उभा असतो. मराठीही नीट न येणारा तो माणूस ‘नाही’ म्हणतो आणि तेच नोंदले जाते. वकिलाने तिथेच वैद्यकीय तपासणीचा आणि सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज द्यावा. अर्जात कॅमेऱ्याची जागा, तारीख, वेळ हवी. ‘सर्व फुटेज द्या’ एवढेच लिहिलेला अर्ज सहज फेटाळला जातो.

सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 च्या निकालात ठाण्याची दारे, कोठडी, व्हरांडा, स्वागतकक्ष अशा जागी आवाजासह चित्रण करायला आणि ते 18 महिने ठेवायला सांगितले; तशी सोय नसेल तरी किमान वर्षभर. जबाबदारी ठाणेदाराची. पण चित्रण मागितले की कॅमेरा नेमका नादुरुस्त निघतो.

मे 2024 मध्ये त्याच न्यायालयाने हिस्ट्रीशीटचा वेळोवेळी वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरआढावा घ्यायला सांगितले. 3 ऑक्टोबर 2024 च्या तुरुंगांतील जातिभेदाच्या निकालात विमुक्तांना, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या जमातींना, मनमानी अटक होऊ नये, असेही बजावले. हा आढावा नागपुरात ठाणेनिहाय व्हावा आणि किती नावे उतरवली हे जाहीर व्हावे. शिक्षा नाही, चालू गुन्हा नाही, तरी यादीत असलेली नावे आधी तपासावीत.

जाता जाता आपल्यालाही विनंती: ‘पारधी टोळी जेरबंद’ असले मथळे बंद करा. आरोपीची जात ही बातमी नव्हे.

आयुक्तालयाला मागणे छोटे आहे. प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी फलकावर ताब्यात घेतलेल्यांची नावे आणल्याच्या वेळेसह लावावीत. अटक दाखवल्याची वेळ वेगळ्या रकान्यात द्यावी. कॅमेरा बंद असेल तर कोणत्या तारखेपासून आणि दुरुस्तीला कधी कळवले, तेही तिथेच लिहावे.

– भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांत विधी साहाय्य करणारे वकील व कार्यकर्ते, नागपूर